तारा नावाची मुलगी आणि तारा नावाची टेकडी

प्रश्न : आम्ही आयर्लंडमधल्या नावन या गावी राहतो. आमच्या मुलीचं नाव तारा. इथे ते कुणालाच परकं वाटत नाही. उलट ‘छान आयरिश नाव ठेवलंत’ म्हणून कौतुक होतं, कारण गावापासून जवळच तारा नावाची प्रसिद्ध टेकडी आहे. तिच्या वर्गात एक कीरन आहे आणि शेजारच्या आजींचं नाव शीला. आमच्या नात्यातले एक काका ठासून सांगतात, की ही सगळी नावं मुळात संस्कृत, आपले लोक एके काळी तिकडे जाऊन आल्याची ती खूण. यात कितपत तथ्य आहे? इथल्या आडनावांपुढचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ म्हणजे आपल्या ‘कर’सारखेच का? आणि येणारं बाळ मुलगा असेल तर अभय नाव ठेवायचं आहे, त्यात काही अडचण येईल का?
– एक वाचक भगिनी, नावन, काउंटी मीथ

उत्तर : ताई, तुमच्या काकांचं निम्मं म्हणणं चुकीचं आहे आणि निम्म्याच्या आसपास एक फार सुंदर खरी गोष्ट आहे. फक्त ती त्यांनी दाखवलेल्या नावांत नाही, भलत्याच नावांत आहे. म्हणून आधी तारा, कीरन आणि शीला यांचा निकाल लावू आणि मग त्या दुसऱ्या नावांकडे वळू.

तुमच्या घरातली तारा म्हणजे आकाशातली तारका. ग्रीकमधला ‘अस्तेर’, फारसीतला ‘सितारा’ आणि इंग्रजीतला ‘स्टार’ हे तिचे सख्खे नातेवाईक. आपल्याकडे मात्र या नावात आणखी एक धागा मिसळला आहे, तो ‘तारणे’चा. कान्हेरी आणि वेरूळच्या बौद्ध लेण्यांत जी तारादेवी दिसते, तिच्या नावाचा अर्थ पैलतीराला नेणारी असा लावतात. वालीची पत्नी तारा, बृहस्पतीची पत्नी तारा, कोल्हापूरच्या महाराणी ताराबाई, 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, अशी ही आपल्याकडची मोठी परंपरा.

टेकडीची तारा वेगळी. नावनहून दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या त्या टेकडीचं आयरिश नाव आहे ‘त्यौर’. ते षष्ठी विभक्तीत गेलं की त्याचं रूप बदलतं, आणि त्या बदललेल्या रूपावरून इंग्रजांच्या तोंडी ‘तारा’ झालं. म्हणजे हे ‘तारा’ मूळ नाव नव्हेच, मूळ नावाचं झिजलेलं इंग्रजी रूप आहे. मूळ नावाच्या अर्थाबद्दल दोन मतं आहेत. काही जण ‘दूरवर नजर जाते अशी उंच जागा’ असा अर्थ घेतात. काही जण ते ‘कापणे, वेगळं काढणे’ या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडून ‘देवकार्यासाठी राखून ठेवलेली जागा’ असं समजतात. मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत तिसरीच कथा आहे : तेआ नावाच्या राणीची ही तटबंदी, म्हणून हे नाव. आपल्या स्थळपुराणांत गावाच्या नावावरून एखादी राणी किंवा राक्षस निर्माण होतो, त्यातलाच हा प्रकार. अर्थ कोणताही घ्या, तारकेशी त्याचा संबंध येत नाही. आयरिशमध्ये तारकेला शब्दच निराळा आहे, ‘रेल्टा’.

मुलींचं नाव म्हणून ‘तारा’ आयर्लंडमध्ये चालतं ते या टेकडीमुळे, कारण दंतकथेनुसार आयर्लंडच्या महाराजांचं ते आसन. खरा राजा वर उभा राहिला की गर्जना करणारा ‘लिया फॉल’ हा दगड आजही तिथे उभा आहे. देशाबाहेर या नावाला बळ दिलं ते ‘गॉन विथ द विंड’ या 1936 सालच्या कादंबरीने आणि तीन वर्षांनी आलेल्या चित्रपटाने. त्यात नायिकेचे वडील मूळचे मीथचे. अमेरिकेत जाऊन ते आपल्या मळ्याचं नाव ‘तारा’ ठेवतात. म्हणजे तुमच्याच काउंटीतल्या टेकडीचं नाव अटलांटिक ओलांडून गेलं आणि जगभरच्या मुलींना मिळालं.

नावातल्या साम्यावर विसंबून या टेकडीवर एकदा मोठाच अनर्थ झालेला आहे, आणि तो तुमच्या काकांना जरूर सांगा. इंग्रज म्हणजे बायबलमधल्या इस्राएलच्या हरवलेल्या जमाती, असं मानणारा एक पंथ ब्रिटनमध्ये होता. ‘तारा’ हे नाव ज्यूंच्या ‘तोरा’ या धर्मग्रंथाच्या नावाशी जुळतं, यातही त्यांना पुरावा दिसला, आणि दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पवित्र पेटी याच टेकडीत पुरलेली आहे असा त्यांचा समज झाला. 1899 ते 1902 या काळात त्यांनी तिथे खणायला माणसं लावली. पेटी मिळाली नाही. जमिनीखालचे प्राचीन थर मात्र उलटेपालटे झाले. कवी डब्ल्यू. बी. येट्स, पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले डग्लस हाइड आणि लेखक जॉर्ज मूर यांनी 1902 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून निषेध केला. या पंथाची आणि काकांची पद्धत एकच आहे : दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं ठरवून मोकळं व्हायचं. आपल्याकडे लेखक पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची ‘वाटिका’ केली, तीही याच वाटेने. प्रत्यक्षात रोमजवळच्या त्या टेकडीचं ते लॅटिन नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं आहे.

आता तुमच्या मुलीच्या वर्गातला कीरन. आपला किरण ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या धातूपासून आला. जो विखुरतो, फाकतो तो किरण. आयरिश कीरन आला ‘कीर’ या शब्दापासून, आणि त्याचा अर्थ काळा, सावळा. शेवटचा ‘अन’ लाडाचा. म्हणजे कीरन हा ‘छोटा सावळा’. एकाचा अर्थ प्रकाश, दुसऱ्याचा काळोखाच्या जवळचा. दोन नावं कानाला इतकी जवळ आणि अर्थाने इतकी लांब क्वचितच सापडतील. त्यातही गंमत अशी, की अर्थाने पाहिलं तर या कीरनचा जोडीदार आपल्याकडे आहेच : तो श्याम, तो कृष्ण. शॅनन नदीकाठी क्लॉनमॅक्नॉइसचा मठ सहाव्या शतकात ज्या संताने स्थापन केला, तोही कीरनच, आणि त्याची ओळख ‘सुताराचा मुलगा’ अशी सांगत.

शेजारच्या शीला आजींचं नाव तर मुळात आयरिशही नाही. 1169 पासून नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये उतरले आणि त्यांनी फ्रेंच वळणाची ख्रिस्ती नावं बरोबर आणली. त्यात ‘सेसिल’ होतं. आयरिश जिभेने त्याचं ‘शीला’ केलं. सेसिलचं मूळ रोममधल्या ‘केकिलियस’ या घराण्याच्या नावात आहे, आणि ते ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडलं जातं. आपली शीला शीलापासून आलेली. आजींना मूळ अर्थ सांगताना जरा सांभाळून सांगा. संगीताची पालक समजली जाणारी संत सेसिलिया हीच तुमच्या नावाची मूळ मालकीण, असं सांगितलंत तर त्या खूश होतील आणि ते खरंही आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मग नातं काहीच नाही. तसं नाही. नातं आहे, पण ते कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी टेकडीजवळच थोडं पुढे जायला हवं. ताराच्या दक्षिणेला मातीच्या बांधाचं एक मोठं जुनं वर्तुळ आहे, त्याला ‘रॅथ मेव्ह’ म्हणतात, म्हणजे मेव्हचा कोट. मेव्ह हे आयरिश पुराणकथांतल्या राणीचं नाव, आजही मुलींना आवडीने ठेवलं जाणारं. त्याचा अर्थ मद चढवणारी. त्याच्या मुळाशी आहे मधापासून केलेल्या मद्याचा जुना शब्द, आणि तोच आपला ‘मधु’. म्हणजे कान कितीही नाही म्हणोत, मेव्ह आपल्या माधवी-मधुराची बहीण लागते. तसंच रोरीचं. हे नाव ‘तांबडा’ आणि ‘राजा’ या दोन शब्दांचं बनलेलं आहे. आयरिशमधला राजा म्हणजे ‘री’. तो लॅटिनमधल्या ‘रेक्स’चा आणि संस्कृतमधल्या ‘राजन्’चा भाऊ.

अशी नाती कशी ठरवतात? एका शब्दावरून कधीच नाही. शब्दांच्या रांगा शेजारी-शेजारी मांडतात आणि फरक नेमाने पडतो का ते बघतात. आयरिशमध्ये गाय म्हणजे ‘बो’, संस्कृतमध्ये ‘गो’. आयरिशमध्ये जिवंत म्हणजे ‘ब्यो’, संस्कृतमध्ये ‘जीव’. आयरिशमध्ये स्त्री म्हणजे ‘ब्यॅन’, वेदांत ‘जनि’. तिन्ही ठिकाणी तिकडे ‘ब’ आणि इकडे ‘ग’ किंवा ‘ज’. मूळ भाषेतला एकच ध्वनी एका घरात ओठांवर गेला आणि दुसऱ्या घरात घशाशी किंवा टाळूशी राहिला. साम्य योगायोगाने येऊ शकतं. एकाच शिस्तीत पडणारा फरक योगायोगाने येत नाही. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, तेव्हा केल्टिक भाषांचाही उल्लेख केला होता. पुढच्या शतकात ते सिद्ध झालं. मात्र याचा अर्थ संस्कृत ही आयरिशची आई, असा होत नाही. दोघींची आई तिसरीच, आणि तिचं लिहिलेलं एक अक्षरही मागे राहिलेलं नाही. आपले लोक तिकडे जायला नकोत की त्यांचे इकडे यायला नकोत. दोन्ही घरं एकाच वाड्यातून निघाली, एवढं पुरतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण तुमच्या गावातूनच वाहतं. नावनमध्ये ब्लॅकवॉटर नदी बॉइनला मिळते. बॉइन हे नदीचं नाव आणि देवतेचंही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात या नदीचं नाव नोंदवलं आहे, ते साधारण ‘बुविंदा’ असं वाचतात. आता हे नाव ‘गोविंद’च्या शेजारी ठेवून पाहा. वर सांगितलेला ‘ब’ आणि ‘ग’चा नियम लावला, तर पहिला भाग अगदी चोख जुळतो : बो म्हणजे गो. आयरिश देवतेच्या नावाचा अर्थ ‘शुभ्र गाय’ असा सांगतात. पण दुसऱ्या भागापाशी थांबायला हवं. केल्टिक ‘विंद’ म्हणजे पांढरा, उजळ; आयरिशमधलं फिन, स्कॉटलंडमधलं फिओना, वेल्समधलं ग्वेन ही नावं त्यातूनच आली. आपला ‘विंद’ म्हणजे मिळवणारा, गाई शोधून आणणारा तो गोविंद. दोन्ही ‘विंद’ आणखी खोल कुठे जुळतात का यावर अभ्यासक बोलतात, पण ते सिद्ध झालेलं धरून चालू नये. मला ही जोडी फार आवडते. निम्मं नातं पक्कं आणि निम्मं अजून उघडं, असं डोळ्यांसमोर ठेवून काम करावं लागतं तेव्हाच शब्दांचा अभ्यास प्रामाणिक राहतो. बॉइनच्या पुलावर उभं राहून काकांना हे सांगा, त्यांचं समाधान होईल.

बाळांच्या नावांच्या याद्या चाळताना हीच सावधगिरी ठेवा. तिथे अर्थ गोड असतो, खरा असेलच असं नाही. सध्या घरोघरी दिसणारं ‘आरव’ घ्या : यादीत अर्थ ‘शांत’ दिलेला असतो, संस्कृत कोशात ‘आवाज, आरडाओरडा’ असतो. ‘कियान’चंही तसंच. फारसीत ते प्राचीन राजवंशाकडे बोट दाखवतं, आयरिशमध्ये ‘कीअन’ म्हणजे दीर्घ काळ टिकणारा, आणि यादीत ‘देवाची कृपा’. नाव आवडलं तर खुशाल ठेवावं. अर्थ मात्र कोशात बघावा.

आता आडनावं. ‘ओ’ म्हणजे इंग्रजी ‘ऑफ’चा तुकडा, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा. आयरिश ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ओब्रायन हे ब्रायनचे वंशज, आणि तो ब्रायन म्हणजे 1014 साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेला राजा ब्रायन बोरू. तेव्हा ‘ओ’ आपल्या ‘कर’सारखा नाही. ‘कर’ गाव सांगतो, ‘ओ’ पूर्वज सांगतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालण्याची पद्धत आहे, तिच्याशी ‘मॅक’ जास्त जुळतो. आयरिशभाषक खेड्यांत तर आजही माणसाच्या नावाला वडिलांचं किंवा आईचं आणि पुढे आजोबांचं नाव जोडून हाक मारतात, कारण गावात एकाच आडनावाची दहा घरं असतात. कोकणात एका वाडीत सगळेच सावंत असले की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

बायकांच्या बाबतीत आयरिश भाषा आणखी काटेकोर आहे. भाऊ ‘ओ ब्रियन’, तर बहीण ‘नी व्रियन’, म्हणजे ब्रियनच्या वंशजाची मुलगी. आणि लग्न करून त्या घरात आलेली बाई ‘ई व्रियन’. एकाच घरात तीन रूपं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितात, तिथे आडनावच बाईबरोबर रूप बदलतं. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बंधनकारक केलं आहे, त्याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. इतक्या शतकांच्या आडनावांच्या इतिहासात आईला कागदावर जागा मिळाल्याची उदाहरणं दोन्ही देशांत थोडीच आहेत.

पण गावावरून आडनाव ही पद्धत तुमच्या परिसरात अजिबात नव्हती, असं मात्र नाही. ती एकदा कायद्याने लादली गेली होती, आणि नेमकी मीथमध्ये. 1465 साली इंग्रज राजा चौथ्या एडवर्डच्या काळात आयर्लंडच्या पार्लमेंटने ठराव केला, की डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या भागांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनाव घ्यावं. कशावरून घ्यावं याचीही यादी दिली होती. गावावरून : सटन, चेस्टर, ट्रिम, स्क्रीन, कॉर्क, किन्सेल. रंगावरून : पांढरा, काळा, तपकिरी. कसबावरून : लोहार, सुतार. हुद्द्यावरून : स्वयंपाकी, बटलर. यातलं ट्रिम आणि स्क्रीन ही दोन्ही तुमच्या शेजारची गावं. ही यादी मराठी माणसाने वाचली तर त्याला आपलं आडनाव तिथे सापडेल : नगरकर-पुणेकर, काळे-गोरे, लोहार-सुतार, फडणीस-चिटणीस. फरक असा, की आपल्याकडे ही आडनावं वापरातून आली आणि पुढे इंग्रजी अमदानीतल्या शाळेच्या दाखल्यांनी, सरकारी नोंदींनी ती कायम केली. तिकडे हुकूम निघाला, नाव न बदलणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची धमकी होती. कॅव्हन काउंटीतले कितीतरी ‘मॅक गावन’, म्हणजे लोहारपुत्र, इंग्रजी वळण बसत गेलं तसे ‘स्मिथ’ झाले. तेव्हा तुमच्या रस्त्यावर स्मिथ भेटला, तर तो इंग्रजच असेल असं धरू नका.

मग एक ‘कर’ आपण होऊन आयर्लंडमध्ये आला आणि 2017 मध्ये थेट पंतप्रधानाच्या खुर्चीत बसला. लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. रोमन लिपीत लिहिलेलं बघून पुष्कळ मराठी माणसंही ‘वरद’ वाचतात आणि नावाला गणपतीचा वर चिकटवतात. काही जण ते वऱ्हाडाशी जोडतात. दोन्ही नाही; ते सिंधुदुर्गातलं साधं गावाचं नाव. पंतप्रधान असताना 2019 च्या डिसेंबरअखेर ते वराडला येऊन गेले. आणि त्यांचं ‘लिओ’? ते लॅटिन, अर्थ सिंह.

राहता राहिला अभय. इथे एक अडचण खरी आहे, आणि ती आयर्लंडमध्येच येते. रोमन लिपीत आपण ‘भ’साठी बी आणि एच लिहितो. आयरिशमध्ये हीच जोडी ‘व’ वाचतात. जुन्या आयरिश लिपीत व्यंजनाचा उच्चार मऊ करायचा असेल, तर त्यावर टिंब देत. विसाव्या शतकात रोमन टंक आला आणि टिंबाच्या जागी एच बसला. म्हणून तर शिव्हॉनच्या स्पेलिंगमध्ये बीएच आणि नीव्हच्या स्पेलिंगमध्ये एमएच दिसतो आणि वाचणारा गोंधळतो. सरकारी शाळांत आयरिश जवळजवळ सगळ्यांना शिकावी लागते, त्यामुळे एखाद्या बाईंच्या तोंडून हजेरी घेताना पहिल्यांदा ‘अवय’ निघू शकतं. ज्यांना आयरिशची सवय नाही ते ‘अबे’ म्हणतील, आणि ते हिंदी जाणणाऱ्यांना जास्त खटकेल.

म्हणून नाव बदलू नका. एच गाळून स्पेलिंग सोपं करण्याचा मोहही टाळा. जन्मदाखल्यावर एक आणि भारतातल्या कागदपत्रांवर दुसरं असं झालं, की पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. जन्माची नोंद तिथे तीन महिन्यांच्या आत करायची असते, तेवढ्यात स्पेलिंग घरात पक्कं करा. आणि बालवाडीत घालाल त्या दिवशी बाईंना नाव दोनदा स्वच्छ म्हणून दाखवा : अ-भ-य, शेवटी ‘य’. ज्या देशात शिव्हॉन आणि नीव्ह रोज स्पेलिंग समजावून सांगतात, तिथे कुणी याचं वाईट वाटून घेणार नाही.